खर्डा आणि चिंतन : सर्जनशील लेखनाच्या विद्यार्थ्याची घडण

मराठीच्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना ‘सर्जनशील लेखन’ ही अभ्यासपत्रिका आता अनोळखी राहिलेली नाही. श्रेयांक पद्धतीमुळे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याधिष्ठित अभ्यासपत्रिकांना मिळालेल्या महत्त्वामुळे तिचा प्रसार वाढला आहे. मात्र ती शिकवावी कशी, याचा विचार त्या प्रमाणात झालेला नाही. विद्यार्थ्याने कविता अथवा कथा लिहून आणावी, ती वर्गात वाचावी आणि शेवटी तिला पान-दीड पानाचे ‘मनोगत’ जोडावे, असे तिचे रूप सहजच होऊन बसते. या मनोगतामुळे विद्यार्थी आपल्या लेखनाकडे चिकित्सकपणे पाहू लागतो, असे गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात हेच गृहीतक तपासावयाचे आहे.

मनोगत हा आपल्याकडील एक रूढ लेखनप्रकारच आहे. कोणताही नवा कवितासंग्रह उघडावा. पहिल्या काही पानांत तो भेटतो. बालपण, आईच्या ओव्या, शाळेतील एखादे गुरुजी, पहिली कविता छापून आली तो दिवस, आणि अखेरीस ऋणनिर्देश. या प्रकाराविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते, की तो लेखकाविषयी बरेच सांगतो आणि लेखनाविषयी फारच थोडे. तिसऱ्या कडव्यातील एक ओळ कवीने का काढून टाकली, हे कोणतेही मनोगत सहसा सांगत नाही. विद्यार्थी जेव्हा मनोगत लिहितो, तेव्हा तो हाच साचा उचलतो. परिणामी आपण चिंतन करतो आहोत असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो एक लहानसे आत्मचरित्र लिहीत असतो.

मराठी समीक्षेतील ‘निर्मितिप्रक्रिया’ या संकल्पनेने या बाबतीत आपली काहीशी दिशाभूल केली आहे, असे मला वाटते. निर्मितिप्रक्रियेविषयी आपल्याकडे परिसंवाद झाले, मुलाखती झाल्या, मान्यवर लेखकांनी स्वतःच्या लेखनाविषयी ग्रंथ लिहिले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘प्रवास एका लेखकाचा’ हे त्यातील एक लक्षणीय पुस्तक. जी. ए. कुलकर्णी यांची निवडक पत्रेही ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत आणि लेखकाचा स्वतःशी चाललेला झगडा त्यांतून दिसतो. परंतु ही सारी सामग्री सिद्ध झालेल्या लेखकाची आहे. त्याच्या हातून कृती पूर्ण झाली आहे, वाचकाने ती स्वीकारली आहे, आणि आता तो मागे वळून पाहतो आहे. शिकणाऱ्याची स्थिती याच्या नेमकी उलट असते. त्याची कृती अजून झालेलीच नाही. मागे वळून पाहण्याजोगे त्याच्यापाशी एकच काही असते, ते म्हणजे त्याचा खर्डा. म्हणून विद्यार्थ्याच्या चिंतनाचा विषय खर्डाच असला पाहिजे, ‘मी’ नव्हे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

हा विचार केवळ पाश्चात्त्य अध्यापनशास्त्रातून आला आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे, त्याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (१६०८). ‘दासबोधा’च्या चौदाव्या दशकातील तिसरा समास कवित्वकलेच्या निरूपणाचा आहे. त्यात रामदासांनी कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे तीन प्रकार सांगितले आहेत. मनात येईल ते बळेच जुळवून टाकणे म्हणजे धीट. पुष्कळ ग्रंथ वाचून त्यांच्यासारखे रचणे म्हणजे पाठ. आणि भगवद्भक्तीतून सहज प्रकटणारे ते प्रासादिक. रामदासांचा हेतू अर्थातच पारमार्थिक आहे. तिसऱ्या प्रकाराची त्यांनी दिलेली लक्षणे वैराग्याची आहेत, ती अभ्यासपत्रिकेत बसवता येणार नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये. परंतु पहिल्या दोन संज्ञा मात्र आजच्या वर्गात जशाच्या तशा उपयोगी पडतात. नवशिक्याच्या खर्ड्यात जे काही असते, ते बहुधा या दोहोंपैकी एक असते : एक तर मनात आले म्हणून लिहिलेले, नाही तर कोठे तरी वाचले म्हणून लिहिलेले. आपल्या ओळीपुढे ‘धीट’ किंवा ‘पाठ’ असे प्रामाणिकपणे लिहून ठेवणे, हा चिंतनाचा पहिला आणि बहुधा सर्वांत कठीण धडा होय.

त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, समास, शाई, लेखण्या आणि कागद यांची तेथे तपशीलवार चर्चा आहे. परमार्थाच्या ग्रंथात अक्षराच्या गोलाईला स्थान मिळावे, ही गोष्ट आपण फारशी गंभीरपणे घेत नाही. वस्तुतः लेखन ही हाताने करावयाची, सरावाने सुधारणारी कृती आहे, ही जाणीव त्यामागे आहे. तसेच ‘जुना दासबोध’ म्हणून ओळखली जाणारी एकवीस समासांची रचना आणि वीस दशकांचा, दोनशे समासांचा प्रचलित ग्रंथ यांचे नाते अभ्यासकांनी चर्चिले आहे. एकवीस समासी ही आधीची रचना मानली, तर एकाच आशयाकडे एका कवीने पुन्हा वळून पाहिल्याचे ते आपल्या परंपरेतील एक मोठे उदाहरण ठरते. दोन्ही रचना शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयोग पदव्युत्तर वर्गात अवश्य करून पाहावा.

आता खर्ड्यावरील चिंतन म्हणजे नेमके काय, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करू. समजा, हसनाबाद परिसरातील एका विद्यार्थ्याने २०१२-१३ च्या दुष्काळावर कथा लिहावयास घेतली. जालना जिल्हा मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या; अनेक शेतकऱ्यांनी विकतच्या टँकरने पाणी घालून झाडे जगवण्याचा प्रयत्न केला, अनेकांना ती तोडावी लागली. आपल्या विद्यार्थ्याने हे लहानपणी पाहिले आहे. त्याच्या पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होते : ‘आभाळ रुसले होते. धरणीमाय तहानेने व्याकूळ झाली होती. बापाच्या डोळ्यांत मात्र पाणी होते.’

या ओळी वर्गात वाचल्या तर बहुधा कोणी हरकत घेणार नाही. कदाचित दादही मिळेल. ग्रामीण कथेच्या आणि दुष्काळावरील कवितेच्या दीर्घ सरावाने त्या आपल्या कानाला परिचित झाल्या आहेत. येथेच खरा धोका आहे. विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले काहीही या तीन वाक्यांत नाही. दुष्काळ कधीही न पाहिलेल्या मुलालाही ती लिहिता आली असती. रामदासांच्या भाषेत ती ‘पाठ’ आहेत.

हा विद्यार्थी रूढ पद्धतीचे मनोगत लिहील तर काय लिहील? आपण शेतकऱ्याचे पुत्र आहोत, ही वेदना आपण भोगली आहे, म्हणून लेखणी हाती घेतली, असे लिहील. त्यातील एकही विधान खोटे असणार नाही, आणि त्याने खर्ड्यातील एकही शब्द हलणार नाही. उलट अनुभव खरा आहे म्हणून लेखनही खरे आहे, अशी त्याची समजूत अधिक घट्ट होईल. अनुभवाच्या खरेपणावरून लेखनाच्या खरेपणाचा निर्वाळा देण्याची ही सवय आपल्या समीक्षेलाही आहे, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

याऐवजी त्याला अगदी लहान प्रश्न विचारले तर? या तीन वाक्यांतील कोणता शब्द तुझ्या घरात बोलला जातो? त्या वर्षी बागेत प्रत्यक्ष काय केले गेले, आणि त्याला घरात काय म्हणत? या प्रश्नांची उत्तरे वहीच्या डाव्या पानावर लिहिताना त्याला आठवेल, की मोसंबीला बहार धरण्यासाठी बाग ‘ताणावर’ सोडतात. पाणी काही आठवडे मुद्दाम तोडतात, झाडाची पाने पिवळी पडून गळू लागतात, आणि मग हलके पाणी देऊन ‘ताण तोडतात’. त्यानंतर झाड फुलावर येते. म्हणजे बागाईतदाराच्या व्यवहारात तहान ही नेहमीच आपत्ती नसते. ती त्याने हिशेबाने दिलेली असते. दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात आता अशी होऊ शकते : ‘आंबे बहारासाठी बाग ताणावर सोडली होती. ताण तोडायला पाणी आलेच नाही.’

दुसरा खर्डा पहिल्याहून चांगला आहे, एवढेच सांगावयाचे नाही. पहिल्यात निसर्ग दोषी होता आणि माणूस केवळ सोसणारा होता. दुसऱ्यात बापाने एक निर्णय घेतलेला आहे, नेहमीचा, अनुभवाने योग्य ठरलेला निर्णय, आणि तोच त्याच्या अंगावर आला आहे. एक शब्द बदलताच कथेतील जबाबदारीचे स्वरूप बदलले, बापाचे पात्र बदलले, आणि कथा कशाविषयी आहे हेही बदलले. आशय आधी ठरतो आणि शब्द मागाहून येतात, हा समज येथे ढासळतो. हा बदल का झाला, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत चार ओळींत नोंदवले, तर ते चिंतन. ती नोंद पुढच्या कथेतही त्याच्या कामी येते, कारण घरातील व्यवहाराचा शब्द शोधावा, ही गोष्ट तो आता शिक्षकाने सांगितली म्हणून करीत नसतो. तिचा परिणाम त्याने स्वतः पाहिलेला असतो.

अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये व्यावसायिकांच्या ज्ञानाविषयीच्या आपल्या ग्रंथात कृती चालू असताना होणारे चिंतन आणि कृतीनंतरचे चिंतन असा भेद केला. वास्तुशिल्पी रेखाटन करता करता ते रेखाटन जणू त्याला उत्तर देते आणि त्या उत्तरानुसार तो पुढची रेषा ओढतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. वरील उदाहरणात ‘ताण’ या शब्दाने नेमके हेच केले आहे. मात्र शॉन यांचा भेद वर्गात वापरताना एक अडचण येते. कृती चालू असतानाचे चिंतन हे स्वभावतःच क्षणिक असते आणि त्याची खूण उरली नाही तर ते शिकण्याच्या उपयोगाचे राहत नाही. पूर्वी कागदावरील खाडाखोड ही अशी खूण होती. आज आपले बहुसंख्य विद्यार्थी भ्रमणध्वनीवर लिहितात. तेथे पुसलेला शब्द कायमचा नाहीसा होतो आणि शेवटी हाती येते ती एक निर्मळ, निरागस दिसणारी प्रत. म्हणून किमान या अभ्यासपत्रिकेपुरते तरी कागदावर लिहिण्याचा, अथवा प्रत्येक खर्डा तारीख घालून वेगळा जतन करण्याचा आग्रह धरला पाहिजे. आग्रह जुनाट वाटेल, वाटू द्यावा.

येथवर विद्यार्थी एकटा आहे असे मानून विवेचन केले. परंतु आपल्या खर्ड्यातील ‘पाठ’ एकट्याला दिसणे अवघड असते. त्यासाठी दुसऱ्याची नजर लागते. या दुसऱ्या नजरेचा इतिहास मराठीत फार जुना आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचून गुरुबंधूंना दाखवला, तेव्हा ग्रंथ चांगला झाला आहे, पण निवृत्तांच्या योग्य नाही, असा अभिप्राय मिळाला; त्यातील शृंगार पंथाच्या वृत्तीशी जुळणारा नव्हता. त्यानंतर त्यांनी ‘उद्धवगीता’ लिहिली, अशी महानुभाव परंपरेतील कथा सर्वश्रुत आहे. आपण ती बहुधा कालनिर्णयाच्या किंवा रसचर्चेच्या संदर्भात शिकवतो. पण लेखनाच्या अध्यापनाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळाच लागतो. अभिप्राय दोन भागांचा आहे : एक कृतीच्या गुणाविषयी, दुसरा वाचकाविषयी. आणि कवीने ‘शिशुपाळवध’ नष्ट केला नाही, त्यातील शृंगार कापूनही टाकला नाही; त्याने दुसरा ग्रंथ लिहिला. टीकेला उत्तर म्हणून दुरुस्ती करावयाची की नवी कृती निर्माण करावयाची, हा निर्णय कवीचाच राहिला.

हा निर्णय कोणाचा, यावरूनच आधुनिक काळात मोठा वाद झाला. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात कवी एकमेकांना कविता वाचून दाखवीत. तेथील नाते समानांचे होते. ‘सत्यकथे’च्या बाबतीत ते संपादक आणि लेखकाचे झाले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे हस्तलिखित बारकाईने वाचीत, सूचना करीत, पुनर्लेखन करावयास लावीत. मराठी नवकथेच्या आणि नवकवितेच्या घडणीत या परिश्रमांचा वाटा निर्विवाद आहे. तथापि १९६९ मध्ये अनियतकालिकांच्या तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तीही याच व्यवस्थेच्या विरोधात. संपादकाच्या अभिरुचीला पटेपर्यंत कृती घडवत राहणे, म्हणजे स्वतःचा आवाज हळूहळू पुसणे नव्हे काय, हा त्यांचा प्रश्न होता. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली. पुढे तो प्रश्न वर्गात येऊन उभा राहिला आहे, आणि तेथे तो अधिक तीव्र आहे, कारण शिक्षकाच्या हाती गुणही असतात. संपादकाचे न पटले तर लेखक दुसऱ्या नियतकालिकाकडे जाऊ शकत होता. विद्यार्थ्याला दुसरा परीक्षक निवडता येत नाही.

अमेरिकेत १९३६ मध्ये सुरू झालेल्या आयोवा येथील लेखन कार्यशाळेपासून जी पद्धत रूढ झाली, तिच्यात इतर विद्यार्थी चर्चा करीत असताना लेखकाने मौन पाळावयाचे असते. समर्थन न करता ऐकण्याची शिस्त तीतून लागते, हे मान्य. परंतु आपल्या वर्गात, जेथे खेड्यातून आलेली मुले आधीच कमी बोलतात, तेथे या मौनाचा अर्थ निराळा होतो. प्रमाणभाषेत सराईतपणे बोलणारी चार मुले अभिप्राय देतात, आणि ज्याच्या कथेविषयी ते बोलतात तो गप्प राहतो; तो गप्प राहणार होताच. अशा वर्गात लिखित चिंतनाला एक वेगळे मोल प्राप्त होते. कोणत्या सूचना स्वीकारल्या आणि कोणत्या नाकारल्या, व का, हे विद्यार्थ्याने लिहून द्यावे. नाकारण्याचे कारण देता येणे ही माझ्या मते प्रगतीची स्वीकारण्याहून मोठी खूण आहे. ‘ताण’ हा शब्द शहरी वाचकाला कळणार नाही, तेव्हा ‘पाणी तोडले’ असे लिही, अशी सूचना वर्गात आली, तर आपल्या विद्यार्थ्याने ती का मानू नये, हे त्याला सांगता आले पाहिजे.

बोलीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही ग्रामीण कथेची रूढी विद्यार्थी विचार न करता उचलतात. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत पार्वतीचे संपूर्ण निवेदनच बोलीत आहे, आणि त्यामुळे घरातील पडझड आतून सांगितली जाते. हा शैलीचा अलंकार नाही. सांगणारी कोण, हा तो निर्णय आहे. त्याहून पुढचे पाऊल दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दिसते. तेथे दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर येतात. एक आपले जगणे सांगतो, दुसरा ते ऐकतो. लिहिणारा आणि जगलेला यांच्यातील अंतर हे तेथे कृतीबाहेरच्या मनोगतात मांडलेले नाही, ते कृतीच्या रचनेत सामावलेले आहे. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने लेखक-वाचक मेळाव्यांमधून नव्या दलित लेखकांना जी जागा दिली, तिचाही विचार या दृष्टीने व्हावयास हवा. तेथे वाचक हा परीक्षक नव्हता; ज्याच्याविषयी लिहिले जात होते, त्यांच्यापैकीच तो अनेकदा असे. हसनाबादच्या विद्यार्थ्याने आपली कथा वर्गाआधी एखाद्या बागाईतदाराला वाचून दाखवावी, असे कोणी सुचवले तर ते मला गैर वाटणार नाही.

चिंतनाच्या या लेखनासाठी परिभाषा मात्र लागते. ‘ओघवते’, ‘भावस्पर्शी’, ‘मनाला भिडणारे’ या शब्दांनी खर्ड्यातील काहीच दाखवता येत नाही. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात सांगितलेले संवाद, विरोध आणि समतोल हे संबंध सौंदर्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत पाठ केले जातात, आणि परीक्षेनंतर विसरले जातात. दोन ओळींमध्ये विरोध आहे की नुसतीच पुनरुक्ती, हे स्वतःच्या खर्ड्यात तपासताना त्यांचा उपयोग करून पाहावा. मर्ढेकर स्वतः कवी होते, हे आपण त्यांची सैद्धांतिक भूमिका शिकवताना फार लवकर बाजूला ठेवतो.

राहता राहिला मूल्यमापनाचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. चिंतनाला गुण ठेवले, की विद्यार्थी परीक्षकाला आवडेल असे चिंतन लिहू लागतो. पहिला खर्डा मुद्दाम वाईट लिहून दुसऱ्यात प्रगती दाखवणे हीदेखील एक युक्ती होऊ शकते. यावर पूर्ण उपाय नाही. तरीही काही मर्यादित व्यवस्था करता येईल. चिंतनाच्या शैलीला गुण देऊ नयेत. नोंद आणि खर्ड्यातील बदल यांचा मेळ बसतो की नाही, एवढेच पाहावे. एखाद्या बदलाने कृती बिघडली आणि विद्यार्थ्याने ते ओळखून मूळ शब्द परत आणला, तर त्यालाही पूर्ण गुण असावेत. आणि तोंडी परीक्षेत ‘तुम्ही लेखनाकडे कसे वळलात’ हा प्रश्न विचारण्याऐवजी, खर्ड्यातील एखाद्या खोडलेल्या शब्दावर बोट ठेवून तो का खोडला, एवढे विचारावे.